आईच्या खुर्चीपर्यंत पोचलेला आवाज

आईची खुर्ची बाल्कनीच्या दाराशी आहे आणि ती तिथून हलणार नाही, हे आधी सांगायला हवं. पुढचं सगळं, म्हणजे टीव्हीखालचा स्पीकर बदलण्याचा खटाटोप, त्या खुर्चीमुळे घडलं.

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटचा हॉल चौदा फूट रुंद आणि बारा फूट खोल. टीव्ही चौदा फुटी भिंतीवर मधोमध, सोफा त्याच्या समोरच्या भिंतीला. खुर्ची मात्र डावीकडे, दाराला लागून. तिथं सकाळी उजेड असतो, दुपारी वारा असतो आणि भाजी निवडता निवडता खाली सोसायटीत कोण आलं, कोण गेलं तेही दिसतं. गुडघ्यांमुळे आईला सोफ्यातून उठणं जड जातं. ही खुर्ची ताठ आणि उंच, हाताला आधार देणारी. त्यामुळे "आई, सोफ्यावर ये ना" हे म्हणणं मी कधीच सोडून दिलं होतं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही हौसेनं घरी ५.१ बसवलं, म्हणजे सिनेमासाठी पाच स्पीकर आणि एक सबवूफर. एक रिसीव्हर (आवाज सगळ्या स्पीकरना वाटून देणारं यंत्र), पुढे दोन बाजूंना स्टँडवर दोन बुकशेल्फ स्पीकर, मागे दोन छोटे, अगदी खालच्या सुरांसाठी एक सबवूफर, आणि टीव्हीखालच्या कप्प्यात दुकानदारानं दिलेला आडवा सेंटर, म्हणजे संवादांचा मधला स्पीकर. बहुतेक सेंटर असतात तसाच: दोन टोकांना खालच्या आणि मधल्या सुरांचे चार-चार इंचांचे दोन वूफर आणि मधे वरच्या सुरांचा ट्विटर. टीव्हीखाली लांबट, नेटका दिसायचा. सोफ्यावर बसून पहिला सिनेमा पाहिला तेव्हा मला आणि नवऱ्याला भरून पावल्यासारखं झालं.

आईनं पंधरा मिनिटांत विचारलं, "काय म्हणाला गं तो?"

पुढची अडीच वर्षं हा प्रश्न घरात राहिला. पाच-दहा मिनिटांनी एकदा तरी यायचा. मी सेंटरचा आवाज रिसीव्हरमधून तीन डेसिबलनं वाढवला, मग सहानं. संवाद मोठे झाले, पण प्रश्न थांबला नाही. मुख्य आवाज वाढवला तर गाणी आणि मारामाऱ्या अंगावर यायच्या आणि खालच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्यावर हळूच म्हणायच्या, "काल उशिरापर्यंत जागे होतात वाटतं." सबटायटल लावून पाहिली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तेवढ्या अंतरावरून ती ओळ वाचून होईपर्यंत आईच्या हातून चित्र निसटायचं. शेवटी ती सिनेमा सुरू झाला की थोड्या वेळानं आत जाऊन पडायला लागली. "तुम्ही बघा, मला झोप येतेय," म्हणायची. तिला झोप येत नसायची, हे मला माहीत होतं.

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीचा आलेख वयाप्रमाणे होता: खालच्या सुरांत कान चांगला, वरच्या सुरांकडे जाताना थोडा उतरलेला. त्यांनी एक गोष्ट समजावून सांगितली, ती माझ्या मनात पक्की बसली. स्वरांमध्ये जोर असतो, व्यंजनं नाजूक असतात. 'सात', 'साठ' आणि 'साथ' या तीन शब्दांतला आकार सारखाच ऐकू येतो. फरक असतो तो शेवटच्या व्यंजनात, आणि तो बारीक, वरच्या सुरांतला असतो. तो निसटला की माणूस म्हणतो, ऐकू येतं पण कळत नाही. कानाच्या यंत्राची गरज अजून नाही, वर्षानं पुन्हा दाखवा, असं त्यांनी सांगितलं.

परत येताना रिक्षात मला एक गोष्ट खटकत राहिली. आईला फोनवर माझ्या मावशीचं बोलणं नीट कळतं. स्वयंपाकघरातून मी काही म्हटलं तर खुर्चीतून उत्तर येतं. सह्याद्रीच्या बातम्या आम्ही टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर लावतो, त्या तिला शब्दन् शब्द कळतात. मग सिनेमाच का नाही? मी तिला तसं विचारलं. ती म्हणाली, "भरत नाट्य मंदिरात आम्ही कडेच्या खुर्च्या काढायचो, स्वस्त असायच्या. पण तिथूनही शब्द चुकला नाही कधी. ह्या तुमच्या यंत्रात माणूस तोंडावर हात ठेवून बोलतो."

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. तरी अडीच वर्षांत मी एकदाही तिच्या खुर्चीत बसून सिनेमा पाहिला नव्हता. याची मला आजही खंत वाटते.

एका रविवारी आई भावाकडे निगडीला गेली होती. मी तिच्या खुर्चीत बसले आणि आदल्या रात्रीचाच सिनेमा लावला. दोन मिनिटांत माझ्याच तोंडून "काय म्हणाली ही?" असं निघालं. आवाज होता, भरपूर होता. पण त्यातला मधला गाभा कुणी काढून घेतल्यासारखा तो पोकळ होता, डबा तोंडाशी धरून बोलल्यावर येतो तसा. उठून सोफ्याच्या मध्यावर गेले की शब्द स्वच्छ. पुन्हा खुर्चीत, पुन्हा डबा. मग रिसीव्हरचा टेस्ट टोन चालू केला, तो सुसाट पावसासारखा खरखरता आवाज, आणि फोनवर ध्वनीचा आलेख दाखवणारं ॲप लावून सोफ्यापासून खुर्चीपर्यंत हळूहळू चालत गेले. सोफ्यावर आलेखाची रेघ बऱ्यापैकी सपाट होती. खुर्चीपाशी हजार-अकराशे हर्ट्‌झच्या आसपास तिला मोठा खड्डा पडला होता.

मग वही काढली. स्पीकरच्या समोरच्या रेषेपासून खुर्ची २.४ मीटर पुढे आणि १.७ मीटर बाजूला, म्हणजे मध्यरेषेशी साधारण ३५ अंशांचा कोन. सेंटरच्या दोन वूफरमधलं अंतर मोजलं, मध्यापासून मध्यापर्यंत २८ सेंटिमीटर. सोफ्याच्या मध्यावर बसणाऱ्यापासून दोन्ही वूफर सारख्याच अंतरावर असतात, म्हणून त्यांचे आवाज हातात हात घालून येतात. खुर्चीतून पाहिलं तर एक वूफर जवळ आणि दुसरा त्याहून सोळा सेंटिमीटर लांब. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. ज्या आवाजाची लहर ३२ सेंटिमीटर लांब, त्याच्यासाठी हे सोळा सेंटिमीटर म्हणजे बरोबर अर्धी लहर. एका वूफरचा उंचवटा येतो तेव्हा दुसऱ्याचा खळगा येतो आणि दोघं एकमेकांना खोडतात. ३४३ ला ०.३२ नं भागलं की येतात सुमारे १,०७० हर्ट्‌झ. ॲपमधला खड्डा तिथंच होता.

हे मी दरवर्षी बारावीच्या वर्गाला फळ्यावर काढून दाखवते. दोन उगम, पथांतर, विनाशी व्यतिकरण. इथं दोन उगम माझ्याच टीव्हीखाली होते आणि अंधाऱ्या पट्ट्यात माझी आई बसली होती.

लगेच सेंटर कप्प्यातून काढला आणि स्टुलावर उभा केला. बाकी काही बदललं नाही. खुर्चीत जाऊन बसले तर डबा गेला होता. उभ्या स्पीकरमध्ये दोन्ही वूफर एकाखाली एक येतात, त्यामुळे डावी-उजवीकडे कुठेही बसा, दोघं सारख्याच अंतरावर राहतात. भांडण उरतं ते वर आणि खाली, छताकडे आणि फरशीकडे, जिथं कुणी बसत नाही. सेंटर स्पीकर आडवे बनवतात याचं मोठं कारण ते टीव्हीखाली मावतात हे. आवाजाच्या दृष्टीनं बाजूला बसणाऱ्यावर त्यात अन्यायच होतो. तीन-मार्गी, म्हणजे मधे ट्विटर आणि त्याच्या खाली किंवा वर मधल्या सुरांचा लहान मिडरेंज असलेले काही चांगले सेंटर हा दोष टाळतात, पण ते महाग आणि बोजड असतात.

मग आहे तोच सेंटर उभा ठेवायचा का? तो ४६ सेंटिमीटर लांब. उभा केला की टीव्हीचा खालचा भाग झाकायचा. शिवाय त्याचा आणि बाजूच्या बुकशेल्फचा सूर वेगळा होता. पडद्यावर एखादी बाई बोलत बोलत डावीकडून उजवीकडे गेली की मधे आल्यावर तिचा गळा बदलायचा. इतके दिवस ते कानाला सवयीनं चालून गेलं होतं.

त्या रात्री उजवीकडचा बुकशेल्फ तात्पुरता काढून सेंटरच्या जागी त्याच स्टुलावर उभा केला आणि सेंटरची वायर त्याला जोडली. हा दोन-मार्गी स्पीकर: खाली सव्वापाच इंची वूफर, वर एक इंची ट्विटर, उंची ३३ सेंटिमीटर. दोन तोंडं, पण एकावर एक. आई निगडीहून आली, तिला मी काही सांगितलं नाही. जेवणं झाल्यावर सिनेमा लावला. तासभर ती बसून होती. एकदाही प्रश्न आला नाही. मधेच म्हणाली, "ही खोटं बोलतेय, मगाशी वेगळं सांगितलं होतं हिनं." मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि थोडा वेळ ओट्यापाशी उभी राहिले.

सेंटर मुळात का असतो याबद्दल मी तेव्हा वाचत बसले आणि मला फार मोलाची गोष्ट सापडली. १९३३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या लोकांनी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला होता, तोही तीन वाहिन्यांनी: डावी, मधली, उजवी. मोठ्या सभागृहात सगळे मधोमध बसत नाहीत. नुसत्या दोन बाजूंच्या स्पीकरवर मधला आवाज भासमान असतो, कडेला बसलेल्याला तो जवळच्या स्पीकरमधूनच येतो. घरी स्टिरिओ दोनच वाहिन्यांवर आला, कारण तबकडीच्या खाचेला भिंती दोनच. सिनेमा थिएटरात मात्र मधला स्पीकर राहिला. तो पडद्याच्या मागे असतो आणि पडद्याला बारीक छिद्रं असतात, म्हणून संवाद पात्राच्या तोंडातून आल्यासारखा वाटतो. म्हणजे सेंटर हा मधे बसणाऱ्यासाठी नाहीच, तो कडेच्या खुर्चीसाठी आहे. आईचं भरत नाट्यचं म्हणणं हेच होतं: एक तोंड, एक आवाज. (त्याच १९३३ साली प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यात आली. दोन्हींचा संबंध काही नाही, पण आई प्रभातचे बोलपट पाहत वाढलेली, म्हणून ते साल माझ्या लक्षात राहिलं.)

सेंटर अजिबात नको, रिसीव्हरमध्ये 'सेंटर नाही' असं सांगितलं की झालं, असंही एका सहकाऱ्यानं सुचवलं. करून पाहिलं. सोफ्यावर छान. खुर्चीत सगळी पात्रं डाव्या स्पीकरमध्ये जाऊन बसली. गणित सोपं आहे: खुर्चीपासून डावा स्पीकर २.४ मीटरवर, उजवा ३.८ वर, म्हणजे डाव्याचा आवाज चार मिलिसेकंद आधी पोचतो, आणि जो आधी पोचतो तिकडेच आपला कान वळतो.

तर मला हवा होता त्याच मॉडेलचा तिसरा बुकशेल्फ. एकच.

हे सगळ्यात अवघड निघालं. बुकशेल्फ जोडीनं विकतात आणि माझं मॉडेल बंद झालेलं. तपकीर गल्लीत दोन शनिवार घालवले. बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत वायरपासून मिक्सरच्या बटणापर्यंत सगळं मिळतं, आणि दुकानदार फार न बोलता नेमकं सांगतात. एकानं माझा फोटो पाहून सांगितलं, "मॅडम, सिंगल पीस कुणी देणार नाही. जोडी घ्या, एक पडून राहू द्या." दुसऱ्यानं विचारलं, दोन्ही एकत्र सेंटरला का नाही लावत? त्याला मी सांगितलं की आडव्या सेंटरमधून सुटायला तर निघालेय. शेजारी शेजारी दोन ठेवले की पुन्हा तीच दोन तोंडं. तो हसला आणि म्हणाला, "मग जुनं बघा. कुणाचा तरी एक गेलेला असतो."

तसंच झालं. जुन्या सामानाच्या जाहिराती रोज पाहायचा नेम ठेवला आणि सातव्या आठवड्यात वानवडीतले एक निवृत्त गृहस्थ सापडले. त्यांच्या जोडीतल्या एका स्पीकरच्या वूफरमध्ये नातवानं पेन्सिल खुपसली होती. जोडी म्हणून कुणी घेत नव्हतं, म्हणून नाखुशीनंच एक विकायला तयार झाले. मी येते म्हटल्यावर त्यांनी चहा ठेवला होता.

जुना स्पीकर बघायला जाताना मी तीन गोष्टी नेल्या: मल्टिमीटर, दीड व्होल्टचा सेल आणि वायरचा तुकडा. आधी वूफरच्या कडेची रिंग बोटानं हलकेच दाबली. रबराची होती, मऊ, कुठे भेग नाही. फोमची असती तर आपल्याकडच्या पावसाळ्यांत भुगा होण्याची भीती. मल्टिमीटरवर रोध ५.१ ओहम आला. घरचे दोन्ही मी आदल्या दिवशी मोजले होते, तेही पाचच्या आसपास. सेलचं धन टोक लाल खुंटीला लावलं तर वूफर बाहेरच्या दिशेनं हलला, म्हणजे आतली जोडणी कुणी उलटी केलेली नाही. ट्विटर सेलनं कळत नाही, कारण त्याच्या वाटेवर कपॅसिटर असतो आणि तो सेलचा प्रवाह अडवतो. म्हणून त्यांच्याच ॲम्प्लिफायरवर एक बाईचं गाणं लावून कान ट्विटरशी नेला. स्वच्छ.

"ताई, हे एवढं तपासून घेणारं आत्तापर्यंत कुणी आलं नव्हतं," ते म्हणाले. मी त्यांना आईच्या खुर्चीबद्दल सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग आतून तो फाटका स्पीकरही घेऊन आले. "हाही न्या. ह्याचा ट्विटर आणि आतलं सर्किट चांगलं आहे. उद्या काही गेलं तर उपयोगी पडेल." दोन्हींचे मिळून ३,८०० रुपये घेतले. माझ्या स्कूटरच्या पायाशी एक आणि मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधून एक, अशी मी वानवडीहून कोथरूडला आले. स्वारगेटच्या गर्दीत प्रत्येक खड्ड्याला जीव मुठीत होता.

जागेचा प्रश्न उरला. टीव्हीखालच्या कप्प्याची उंची २० सेंटिमीटर, स्पीकर ३३ चा.

नवरा म्हणाला, "आडवा ठेव ना, मावेल. दिसेलही बरा." मी नाही म्हटलं, पण मग वाटलं, करून दाखवावं. आडवा केला की वूफर आणि ट्विटर शेजारी शेजारी येतात, दोघांत १५ सेंटिमीटर. खुर्चीच्या कोनातून त्यांच्या अंतरात साडेआठ सेंटिमीटरचा फरक. ह्या स्पीकरमध्ये २,५०० हर्ट्‌झच्या आसपास काम वूफरकडून ट्विटरकडे जातं, म्हणजे तिथं दोघं एकाच वेळी बोलत असतात, आणि त्या सुराची लहर पावणेचौदा सेंटिमीटरची. अर्ध्या लहरीहून जास्त फरक. खड्डा पडला तो नेमका तिथं, जिथं आईच्या कानाला आधीच मदतीची गरज आहे. नवऱ्यानं स्वतः खुर्चीत बसून ऐकलं आणि पुन्हा त्याबद्दल बोलला नाही. उलट सुतारकाकांना फोन त्यानंच केला.

त्याआधी टीव्हीच्या वर ठेवून पाहिला, भिंतीत ब्रॅकेट ठोकून. वर ठेवायचा तर उलटा ठेवावा, म्हणजे ट्विटर पडद्याजवळ येतो. तसा ठेवला. शब्द स्पष्ट होते, पण माणसं कपाळातून बोलत होती. आईनं पाहिल्या पाहिल्या सांगितलं, "आकाशवाणी झाल्यासारखं वाटतंय." दोन दिवसांत उतरवला.

सुतारकाकांनी टीव्हीखालचं युनिट पाहून मान हलवली आणि विचारलं, "ताई, हे कापायचं? अजून धड आहे की." मग त्यांनीच तोड काढली: मधला कप्पा काढून तिथं जमिनीपासून २५ सेंटिमीटर उंचीवर पक्की फळी बसवायची, बाजूचे कप्पे तसेच ठेवायचे. स्पीकर फळीवर उभा राहिला की त्याचं डोकं ५८ सेंटिमीटरवर, टीव्हीची खालची कड ६२ वर. ट्विटर जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आला. आमचे कान बसल्यावर एक मीटरवर असतात आणि सोफा २.९ मीटर अंतरावर, म्हणजे स्पीकरनं साधारण दहा अंश वर पाहायला हवं. स्पीकरची खोली २५ सेंटिमीटर, तर समोरची बाजू साडेचार सेंटिमीटरनं उचलायची. काकांनी सागवानाच्या तुकड्याची पाचर करून दिली आणि तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली, म्हणजे घसरणार नाही. स्पीकरचं तोंड फळीच्या कडेच्या जरासं पुढेच ठेवलं. मागे सरकवला असता तर फळीवरून आवाज उसळून पुन्हा गोंधळ झाला असता.

स्पीकरचं पोर्ट, म्हणजे हवा बाहेर सोडणारं भोक, मागच्या बाजूला आहे आणि मागे भिंत फक्त बारा सेंटिमीटरवर. त्यामुळे पुरुषांचे आवाज घुमायला लागले. पोर्टमध्ये फोमची सैल गुंडाळी सारली. खालचा सूर तसाही सबवूफर सांभाळतो, त्यामुळे काही गमावलं नाही.

वायर दीड स्क्वेअर एमएमची, सहा मीटर. जोडताना माझ्याकडून एका टोकाला लाल-काळी उलट झाली. रिसीव्हरच्या मोजणीत सेंटरपुढे फेजची, म्हणजे जोडणी उलटी असल्याची, सूचना आली. मी ती तशीच पुढे ढकलली, कारण कधी कधी भिंतींमुळे खोटी सूचना येते असं वाचलं होतं. दोन दिवस मधला आवाज पसरट, धरता न येणारा वाटत राहिला. शेवटी वायर हातानं पकडून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत गेले आणि चूक सापडली. सूचना आली तर आधी वायर बघावी, मग भिंतीला दोष द्यावा.

रिसीव्हरबरोबर आलेल्या मायक्रोफोननं खोलीची मोजणी नव्यानं केली. पूर्वी मी सगळी मापं सोफ्यावरच घेतली होती. या वेळी पहिलं माप सोफ्याच्या मध्यावर, कारण अंतरं त्यावरून ठरतात, आणि दुसरं लगेच आईच्या खुर्चीत, तिच्या कानाच्या उंचीवर. मोजणी संपल्यावर यंत्रानं सेंटरला 'लार्ज' ठरवलं होतं. ते बदलून 'स्मॉल' केलं आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्‌झवर ठेवला. त्याखालचे सूर सबवूफरकडे जातात, म्हणजे सव्वापाच इंची वूफरवर धमाक्यांचा भार पडत नाही आणि तो संवादासाठी मोकळा राहतो. फोनवरच्या मापकानं तिन्ही स्पीकरचे टेस्ट टोन ७५ डेसिबलवर आणले. फोनचा आकडा तंतोतंत खरा नसतो, पण तिन्ही एकमेकांशी जुळवायला पुरतो. मग सेंटर दीड डेसिबलनं वर घेतला. पूर्वी सहा होता.

एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत निसटली होती. आईचे आवडते जुने मराठी बोलपट लावले तर सेंटर मुका. ते मुळात एकाच वाहिनीचे, टीव्हीकडून येतात ते दोन वाहिन्यांत तोच आवाज घेऊन, आणि रिसीव्हर 'स्टिरिओ'वर असला तर तो फक्त डाव्या-उजव्यालाच पाठवतो. त्याला डॉल्बी सराउंडच्या मोडवर टाकलं की दोन्हींत सारखं असलेलं सगळं सेंटरकडे जातं. अशा सिनेमात संवाद, तबला, पेटी, गाणं, सगळा भार एकट्या सेंटरवर येतो. जुना आडवा सेंटर तिथं पिचका पडला असता. हा भरघोस उभा राहिला. आईनं एका भजनाला ताल धरला आणि ते संपल्यावर म्हणाली, "शब्द किती स्वच्छ म्हणायचे गं हे लोक."

आता रात्रीचा मुख्य आवाज रिसीव्हरवर उणे २७ वर, म्हणजे पूर्वीपेक्षा कमी असतो, पूर्वी उणे २० वर ठेवून भांडणं व्हायची. खालच्या काकूंनी परवा लिफ्टमध्ये विचारलं, टीव्ही बिघडला का म्हणून.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी घरी आले तर सेंटरवर क्रोशाचा रुमाल होता. आईच्या हातचा, पांढरा, पुढची झालर थेट ट्विटरवर लोंबत होती. मी तिला खुर्चीत बसवलं, सिनेमा लावला, आणि झालर वर-खाली करून दाखवली. 'स' आणि 'श' कसे मऊ पडतात ते तिलाच ऐकू दिलं. तिनं दोनदा ऐकलं, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन ती स्पीकरसमोर वाकून उभी होती. माथा मोजत होती. नवा रुमाल आठ दिवसांत विणून झाला: अठरा सेंटिमीटर रुंद, पंचवीस खोल, मागच्या बाजूला झालर, पुढची कड सरळ आणि कोरी.